डावी आठ, उजवी सहा

"कोण हसून राहिलं बे इथं? आँ? हँसा कौन? मैं पूछ रही हूँ, हँसा कौन?"

दार असं काही आपटलं की बाकांवर बसलेल्या सगळ्या बायका वीतभर वर उडाल्या, आणि परत खाली आल्या तेव्हा प्रत्येकीची जागा बदललेली होती. शप्पथ सांगते. दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळातली बायकांच्या कॅन्सरची ओपीडी, सकाळची तुंबळ गर्दी, आणि दारात उभी एक बाई. उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, डोक्यावर ऑपरेशन थिएटरची हिरवी टोपी, कमरेवर हात. आवाज मात्र असा की खाली रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांनी आपापले हॉर्न आवरते घेतले असावेत. तिच्या समोर एक उंचापुरा तरुण डॉक्टर तोंडावर फाइल धरून उभा, खांदे गदगदतायत. नर्स भिंतीकडे तोंड करून उभी. आणि या सगळ्याच्या मधोमध, साडी गुडघ्यापर्यंत वर धरून, मी.

झालं होतं असं. त्या पोरानं मला विचारलं, "हाँ माताजी, क्या तकलीफ़ है?" आणि मी, पुण्याहून नुकतीच आलेली, मनात मराठी वाक्य जुळवून जिभेवर त्याचं हिंदी करणारी, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाब, मेरे पाँव बहुत भारी हो गए हैं।" पाय जड झालेत. एवढंच म्हणायचं होतं हो मला! ज्यांना हिंदी येतं त्यांनी आता हसून घ्या, मी थांबते... ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगते, हिंदीत पाँव भारी होणं म्हणजे दिवस जाणं. साठीला टेकलेली, नवरा जाऊन किती वर्षं झालेली, पिशवी काढून टाकल्याचं फाइलवर ढळढळीत लिहिलेलं, अशी बाई भर ओपीडीत जाहीर करतेय की मला दिवस गेलेत. आणि तेही बहुत!

तो पोरगा हसला यात त्याची काही चूक नाही. त्याच्या जागी मी असते तर जमिनीवर लोळले असते. पण त्या टोपीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्या डॉ. कुंदा गजभिये. मला ऑपरेशन करून कॅन्सरमधून बाहेर काढणाऱ्या. जन्म भंडाऱ्याकडचा, शिक्षण नागपूरचं, नोकरी दिल्लीची, त्यामुळे त्यांना पायही कळले आणि पाँवही कळले. दिल्लीकडे सरकंड्याच्या गवतकाड्यांचा विणलेला बुटका मूढा असतो, तसा एक दाराशी बसणाऱ्या आयाच्या खालून त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतला, माझ्या पायांशी ठेवला, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चप्पल काढा."

उजवी निघाली. डावी निघेना. त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढली. पट्ट्याचे वळ पायावर रुतलेले. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथे खळगा. कणकेत बोट दाबावं तसा. तो काही भरून येईना. त्या खळग्याकडे त्या बघतच राहिल्या.

"कधीपासून?"

"ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, डॉक्टर. पोट दुखतं का, रक्त जातं का, भूक लागते का... पायाचं कुणीच विचारलं नाही."

त्या खाली बघूनच हळू म्हणाल्या, "लेलेबाई, हे मी केलंय."

त्या कुंदाताई गेल्या. त्याला आता काही आठवडे झाले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडल्या, बागेतल्या बाकावर जरा टेकल्या, आणि उठल्या नाहीत. मला फोन आला तो त्याच हसणाऱ्या पोराचा. डॉ. सुमित त्याचं नाव, झज्जरकडचा जाट, आता त्याच खात्यात स्वतः मोठा सर्जन. त्याचं बोलणं आधीच तारेसारखं. "मॅडम नहीं रहीं।" मी त्याच्यावर अशी ओरडले की गुडगावच्या आमच्या सोसायटीतल्या कबुतरांनी सगळे मजले एकदम रिकामे केले. "काहीतरी बोलू नकोस! नीट बघ पुन्हा!" जणू त्यानं नाडी चुकीच्या जागी धरली होती. पण त्या बिचाऱ्यानं फोन ठेवला नाही. आणि रडू फुटायच्या आधी माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आता माझ्या पायाकडे कोण बघणार? आप्पलपोटा म्हणा हवं तर. पण कुंदाताईंचं अख्खं काम त्या एका प्रश्नावर उभं होतं, म्हणून तोच आधी लिहिते.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मला फुगवून सांगायची खोड आहे. पुण्यात शाळेवर पी.टी. शिकवण्यात जन्म गेला. मैदानाच्या पार त्या टोकाच्या मुलाला ऐकू जायचं तर आवाज आणि गोष्ट दोन्ही मोठी करावी लागते. निवृत्तीनंतर मुलाकडे आले. निखिल मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. इथे येऊन पंजाबी शेजारणींना ओळखते न ओळखते तोच, पाळी थांबून इतकी वर्षं झाल्यावर एक दिवस रक्त दिसलं. निखिल मला कुंदाताईंकडे घेऊन गेला. मी आपलं माझ्या पद्धतीनं सांगितलं, "डॉक्टर, घागरीनं रक्त गेलं!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "घागर म्हणजे किती? पॅड भिजलं का? पूर्ण की अर्धं?" मी म्हटलं, "अर्धंच... पण वाटलं घागरीएवढं." त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं निम्मं करून लिहीत जाईन मी." तेव्हापासून ते ठरूनच गेलं. मी बोलायचं, त्यांनी निम्मं करायचं.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन त्यांनीच केलं. दुसऱ्या दिवशी पलंगापाशी आल्या त्या जिंकून आलेल्या कॅप्टनसारख्या. "झाडून काढलं बघा सगळं! एक गाठ मागे ठेवली नाही." ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं द्राक्षांसारख्या बारीक गाठी असतात. रोग पसरलाच तर आधी त्यांच्यात जातो, म्हणून तेव्हा त्या सरसकट काढायची रीत होती. पुस्तकं तेच सांगत होती, मोठमोठे सर्जन तेच करत होते, आणि कुंदाताई ते सगळ्यांहून देखणं करत. मी पलंगावरून टाळ्या वाजवल्या, टाके दुखले तरी वाजवल्या. पण त्याच गाठींतून पायातलं पाणी वर जात असतं. वाट बंद झाली की ते पाणी खालीच साचतं... सगळ्यांचं नाही, काहींचं. माझं साचलं. मी जगले ती त्या हातांमुळे, आणि पाय जड झाला तोही त्याच हातांमुळे. दोन्ही खरं. यातलं काहीही निम्मं करू नका.

त्या हसण्याच्या दिवसानंतर मूढा परत आयाला मिळालाच नाही. बिचारीला खुर्ची दिली आणि मूढा कुंदाताईंचा झाला. "काही तकलीफ़?" हा प्रश्न त्यांनी ओपीडीतून हद्दपार केला, कारण त्याला उत्तर ठरलेलं, "सब ठीक है जी।" बाई मरणाच्या दारातून परत आलेली, आता पायाचं रडगाणं कुठे गायचं? असं प्रत्येकीला वाटायचं. मग ताई व्हरांड्यात उभ्या राहून बायकांच्या पायांकडे बघू लागल्या. एकदा माझा दंड एवढ्या जोरात पकडला की अजून निळा आहे. "लेलेबाई, ते बघा! ती, तीसुद्धा, आणि ती कोपऱ्यातली... पुरुषी चपला!" खरंच की. चांगल्या नटूनथटून आलेल्या बायका आणि पायात नवऱ्याच्या ढगळ चपला. आपल्या मावतच नव्हत्या ना! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, आणि सगळं पायात घालून त्या चालत होत्या. त्या दिवशी कुंदाताई इतक्या पेटल्या की जेवल्याच नाहीत. गळ्यात शिंप्याची टेप, बूड मूढ्यावर, आणि आलेल्या प्रत्येकीला पहिलं वाक्य, "चप्पल उतारिए।" मला तेवढं मराठीत, "चप्पल काढा." चप्पल निघाली की मागोमाग गोष्ट निघायची. एक म्हणाली, लग्नाला जात नाही, खाली बसवतात, मग उठता येत नाही. दुसरीनं जावेला सांगून ठेवलं होतं की पाय मुरगळलाय. तो आपला वर्षानुवर्षं मुरगळलेलाच!

या सगळ्यात सुमितची बरीच मजा झाली. मी कुंदाताईंना ताई म्हणते हे ऐकून त्याचा भलताच समज झाला. हरियाणात ताई म्हणजे थोरली काकू. "आप मॅडम की भतीजी हैं?" त्यानं मला विचारलं. मी त्यांच्याहून चांगली दहा वर्षांनी थोरली! कुंदाताई म्हणाल्या, "हो रे, लाडाची आहे, जरा उंच वाढली." त्याला मराठी शिकवायचा चंग मी बांधला होता. दर भेटीला एक शब्द. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "आंटीजी, मेरे से ना होगा।" आणि खरंच झालं नाही.

ताईंनी मला पट्ट्या बांधायला शिकवलं, घट्ट मोजे दिले, पायाची त्वचा कशी सांभाळायची ते सांगितलं. मी म्हटलं, "आडनावात हत्ती तुमच्या आणि पाय हत्तीचा माझा, हा कुठला न्याय?" त्या असं हसल्या की मूढा कलंडला. मग पट्टी बांधून हालचाल केली की पाणी सरकतं हे कळल्यावर मला चेव चढला. पी.टी.ची बाई मी! ओपीडीचा व्हरांडा ताब्यात घेतला. "एडी ऊपर! एडी नीचे! पीछेवाली, सो रही हो क्या?" जाटणी, पंजाबणी, बिहारी, आमची एक लातूरची, सगळ्या भिंतीला हात लावून टाचा वरखाली करतायत, आणि नाकासमोर चष्मा धरून कुंदाताई माझ्याच पोटऱ्यांवर टेप लावून बघतायत, आधी किती, नंतर किती. इस्पितळाचा एक साहेब आवाजाची तक्रार घेऊन आला. ताईंनी त्यालाही रांगेत उभा केला. टाचा वर! उभा राहिला हो!

चपलांचा प्रश्न मात्र सुटेना. माझी डावी आठ नंबर, उजवी सहा. शेवटी एका रविवारी ताई मला करोल बागेत घेऊन गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "एक पैर आठ का, एक छह का।" तो म्हणाला, "मैडम जी, जोड़ी नहीं तोड़ते। बाकी का मैं क्या करूँगा?" ताईंनी त्याला तिथल्या तिथे शरीरशास्त्राचा तास दिला, गाठी कुठे असतात ते त्याच्याच पोटाकडे बोट करकरून. मला वाटतं तो अजून पोट धरून फिरत असेल. जोडी काही त्यानं तोडली नाही. तेव्हा ताईंनी दोन्ही जोड विकत घेतले, मला डावी आठ आणि उजवी सहा दिली, आणि उरलेला उलटा जोड, डावी सहा, उजवी आठ, पिशवीत घालून स्वतःकडे ठेवला. "हिची बाई कुठं तरी असेलच." तो जोड ओपीडीच्या कपाटात राहिला, किती काळ ते आठवत नाही, मी सांगितलं तर तुम्ही निम्मं कराल. आणि एक दिवस आली! बिमला. मानेसरच्या कारखान्यात उभ्यानं काम करणारी, कंपनीच्या बसमधून उतरताना पाय पायरीवर अडकतो म्हणून सगळ्यात शेवटी उतरणारी. उजवा पाय जड. चप्पल सहा. कुंदाताई कपाटाकडे अक्षरशः धावल्या. बिमलानं जोड घातला, चार पावलं चालली आणि म्हणाली, "डॉक्टरनी जी, ये तो मेरे ही नाप की है।" ताईंनी मला त्याच मिनिटाला फोन केला, "लेलेबाई, तुमची उरलेली बाई सापडली!"

पण चपला वाटणं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे माझ्याहून त्यांना जास्त माहीत. त्यांना मुळाशी जायचं होतं. गाठी सगळ्या काढायच्याच कशाला? रोग पसरायला निघाला तर आधी ज्या गाठीत शिरेल ती पहिली गाठ ओळखायची. तेवढीच काढायची, बारीक काप करून तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. ओळखायची कशी, तर ऑपरेशनच्या वेळी एक रंग टोचायचा आणि खास कॅमेऱ्यातून बघायचं. तो रंग वाट काढत जातो आणि पहिली गाठ हिरवीगार चमकते. परदेशात हे काम सुरू झालं होतं. आपल्याकडच्या बायका उशिरा येतात, इथे ते खरं ठरेल का, हे कुणीतरी इथे करून बघायला हवं होतं. मला हे समजावताना त्यांनी माझ्या जेवणाच्या ताटात मटारचे दाणे मांडले होते. समजलं, पण उसळ गार झाली.

एका बड्या हॉटेलात डॉक्टरांची परिषद होती, तिथे त्यांनी मला नमुना म्हणून नेलं. ताईंचं भाषण झालं. पुढच्या रांगेतले एक फार मोठे सर उठले आणि म्हणाले, "मैडम, हमारा काम जान बचाना है, चप्पल का नंबर देखना नहीं।" सभागृहात हशा पिकला. तोच हशा! ओपीडीतलाच! माझं डोकंच फिरलं. मी दोन्ही चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पुढे निघाले. सर दोन पावलं मागे सरले. त्यांचं चुकलं नाही. बाई चपला घेऊन अंगावर येतेय म्हटल्यावर कुणीही सरकेल. मी त्या त्यांच्यासमोरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आठ आणि सहा. हशा थांबला. आणि मंचावरून कुंदाताई म्हणाल्या, "सर, जान बचेगी, फिर घर कैसे जाएगी? चलके ही जाएगी ना?"

टाळ्या काय पडल्या! मी तर तरंगतच बाहेर आले. पण चहाच्या टेबलापाशी बघते तर ताईंचा चहा तसाच गार झालेला. ते सर मागाहून येऊन शांतपणे एक प्रश्न विचारून गेले होते. मागे ठेवलेल्या गाठीत रोग असला तर? "चपलेवरचं बोलणं टाळ्यांचं होतं, लेलेबाई," त्या म्हणाल्या, "पण सरांचा प्रश्न खरा आहे. मी चुकले तर बाईचा जीव जाईल. पाय नाही, जीव." म्हणून त्यांनी काय केलं, ते मला कळलं तेव्हा मी भांडले. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांनी रंग टोचला, पहिली गाठ वेगळी काढली, आणि तरी बाकीच्याही सगळ्या काढल्या. कशासाठी? तर पहिली गाठ खरं बोलते का, ते बाकीच्यांशी ताडून बघायला. "म्हणजे आणखी बायकांचे पाय जड होणार, आणि तुम्हाला माहीत असून?" मी ओरडले. "हो," त्या म्हणाल्या. "माहीत असून." त्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी विनोद ऐकला नाही. मूढ्यावर बसून प्रत्येकीचा पाय मोजत आणि पट्टी स्वतः बांधत. मी फुगवून सांगणारी बाई. थांबणं म्हणजे काय ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. म्हणजे शिकले नाहीच, पण बघितलं.

आणि मग तो दिवस आला, जेव्हा त्यांनी एका बाईची फक्त पहिली गाठ काढली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. ती कोण, ते मला कधीच कळलं नाही. पेशंटची नावं त्या उशीलाही सांगत नसत. मला एवढंच माहीत की ती तपासणीला यायची असली की आदल्या दिवशीपासून ताईंना अन्न जात नसे. एकदा नाही, दर खेपेला. असं करत वर्षं गेली. आणि एका दुपारी फोन. पलीकडून नुसती आरोळी.

"दोन्ही सहा!"

"काय?"

"दोन्ही सहा हो, लेलेबाई! आजही दोन्ही सहा! नवी चप्पल घेऊन आली होती!"

"आणि पोट?"

"स्वच्छ! पोट स्वच्छ, पाय हलका, आणि मला भूक लागली बाप्पा!"

त्या आमच्याकडे आल्या आणि जेवल्या. माझ्या आमटीत गूळ म्हणून नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. "तुम्ही पुण्याचे लोक मिठातसुद्धा साखर टाकत असाल." तरी चार वाट्या प्यायल्या. चार. हे निम्मं करायची गरज नाही, निखिल साक्षीला आहे. त्यानंतर एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या पुष्कळ. सगळ्यांना ते जमत नाही, काहींची पहिली गाठ रोगी निघते आणि मग सगळं काढावंच लागतं. ताई ते कधी लपवत नसत. भाषणात आधी तेच सांगत. रोग लवकर सापडला तर इतकी कापाकापीच नको, म्हणून अलीकडे मानेसरच्या कामगार बायकांच्या तपासण्यांच्या मागे लागल्या होत्या. बिमला पुढे, ताई मागे. शेवटच्या भेटीतही, आमच्या घरी, जेवून उठल्या उठल्या त्यांनी पर्समधून टेप काढली. मी म्हटलं, "अहो, सुट्टीच्या दिवशी तरी? पाय अगदी फुलासारखा झालाय!" "टेप खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता. चप्पल... अरे, घरात आहात. पाय द्या."

त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आत त्रिसरण-पंचशील चाललेलं, आणि मी उशिरा पोचले. लिफ्टचं दार उघडलं आणि पाऊल टाकायला जागा नाही. चपला! उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत, जिन्यावर, खालच्या मजल्यापर्यंत उतरत गेलेल्या बायकांच्या चपला. माझी चप्पल काढायला वाकले आणि तशीच राहिले. बिमलाचा जोड ओळखला, डावी सहा, उजवी आठ. तसे आणखीही होते, आम्हा जुन्या बायकांचे, लहानमोठे, ओळखू येणारे. पण त्यांच्या आजूबाजूला... दोन्ही सहा. दोन्ही पाच. दोन्ही सात. उंच टाचेच्या सुद्धा होत्या, एक तर चक्क सोनेरी! त्या घालणाऱ्यांना बहुतेक माहीतही नसेल की आपले पाय सारखे राहिलेत यात काही विशेष आहे. मी तिथे जिन्यावर बसकण मारली आणि हसायला लागले. इतक्या मोठ्यानं हसले की आतून कुणीतरी दार उघडून बघितलं, कोण हसलं म्हणून.

एवढं सगळं बघूनही मी तपासणीला गेले नाही. एक तारीख चुकवली, मग दुसरी. निखिल रागावला, "आई, पाय सुजलाय तुझा." मी म्हटलं, काही नाही, ठीक आहे. ऐकलंत ना? सब ठीक है जी. ती ओपीडी, ते दार, आणि आत जाऊन कुणी नवा डॉक्टर विचारणार, क्या तकलीफ़ है... आणि मी काय सांगू? शेवटी गेल्या आठवड्यात निखिलनं सुट्टी टाकली आणि मला गाडीत कोंबून नेलं.

ओपीडीला नवा रंग दिलेला. बाकांच्या जागी निळ्या खुर्च्या. दाराशी बघितलं... मूढा नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टेबलाखाली वाकले. नाही! पी.टी.चा सगळा आवाज एकदम बाहेर आला. "मूढा कुठाय? मूढा किसने फेंका? आँ? मैं पूछ रही हूँ, किसने फेंका?" निळ्या खुर्च्यांवरच्या बायका वीतभर उडाल्या. आतलं दार उघडलं आणि सुमित बाहेर आला. केस पिकायला लागलेत त्याचे. एका हातात मूढा. तो आतच होता, त्याच्या टेबलाशी. त्यानं तो माझ्यासमोर ठेवला आणि ते उंच धूड गुडघे कानाशी येईपर्यंत वाकून त्यावर बसलं. गळ्यात टेप.

मला धीर राहिला नाही. हिंदी कुठल्या कुठे गेलं, मराठीतच धबधबा सुरू झाला. "सुमित, अरे, पाय किती जड झालाय सांगू, कुतुबमिनार बांधल्यासारखा, हलत नाही, आणि ताई गेल्या, आता मी कशाला येऊ इथे, कोण विचारणार मला, कोण बघणार, तुला तर एक शब्द कळत नाही माझा..."

त्यानं मान वर केली नाही. टेप उलगडली.

"चप्पल काढा."